ड्रॅग रेसिंगची गाडी बांधायची असेल तर आधी कापायला शिका

प्रश्न थोडक्यात असा: "वय 24. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात केलेलं नाजूक वेल्डिंग) बऱ्यापैकी येतं. ड्रॅग रेसिंगच्या (उभ्या जागेवरून निघून सरळ रेषेत थोडं अंतर कापायच्या शर्यतीच्या) गाड्यांचे चॅसिस, म्हणजे नळ्यांचे सांगाडे, बांधणं हाच व्यवसाय करायचा आहे. मशीन कोणतं घेऊ, गुरू कसा शोधू, आणि यावर पोट भरतं का?"

पोटाचं आधी सांगतो, कारण ते विचारायला लोक लाजतात आणि तुम्ही लाजला नाहीत. पोट भरतं, पण ज्या कामाची स्वप्नं तुम्हाला पडतायत त्या कामावर नाही. कोऱ्या नळ्यांपासून अख्खी गाडी उभी करायची, अशी ऑर्डर वर्षातून फार थोड्या वेळा येते. आली की महिनोन्महिने जागा अडवून बसते, आणि मालकाचे पैसे मध्येच आटले तर अर्धा सांगाडा जिगवर, म्हणजे बांधताना तो धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, तसाच धूळ खात पडतो. घर चालतं ते किरकोळ वाटणाऱ्या कामांवर. भिंतीला घासून आलेल्या गाडीचा पुढचा भाग बदला, चालकाभोवतीच्या जुन्या पिंजऱ्यात नव्या नियमाप्रमाणे दोन नळ्या वाढवा, मागच्या अ‍ॅक्सलचे कंस बदला, चालक बदलला म्हणून सीट दोन इंच मागे घ्या. मी 28 वर्षं हे काम करतोय, आणि माझ्या हातून पूर्ण नव्या बांधल्या गेलेल्या गाड्यांपेक्षा मी दुरुस्त केलेल्या गाड्या कितीतरी जास्त आहेत. हे ऐकून हिरमोड झाला असेल तर आत्ताच झालेला बरा.

मशीनचं एका वाक्यात: डीसी टिग असलेलं, पायाच्या पेडलवर करंट कमी-जास्त करता येणारं, 200 अँपिअरचं कुठलंही बऱ्या कंपनीचं मशीन पुरतं. यावर आणखी रात्री जागवू नका.

आता गुरूचं. इथे मला जरा लांबण लावावी लागेल.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना मनातल्या मनात उस्ताद म्हणायचो, तोच शब्द इथे वापरतो. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मलाही वेल्डिंग बऱ्यापैकी यायचं, आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. त्यांनी पाच महिने मला वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावू दिला नाही. झाडलोट, नळ्यांवरची काळी खपली घासून काढणं, अ‍ॅसिटोनने पुसणं, आणि नॉच मारणं. एक नळी दुसरीला जिथे भिडते तिथे तिचं टोक माशाच्या तोंडासारखं गोलाईत कापावं लागतं. ते मापात बसलं तर सांध्यातून उजेड दिसत नाही. ते माझा प्रत्येक नॉच उचलायचे, जागेवर धरायचे, पलीकडून बॅटरी मारायचे. उजेड दिसला की नळी भंगाराच्या डब्यात. "फट भरून काढतो की," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "भरून काढणारे भरपूर आहेत."

त्याचं कारण नंतर कळलं. क्रोमोलीची, म्हणजे 4130 या मिश्र पोलादाची, नळी भिंतीला जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. फट भरायला जास्त उष्णता आणि जास्त फिलर, म्हणजे वितळवून भरायची तार, लागतो, त्याने सांध्याच्या बाजूची पट्टी गरजेपेक्षा जास्त तापते, आणि धातू नेमका तिथे, वेल्डच्या काठाला, ठिसूळ होतो. अपघातात तुटलेले सांगाडे मी पुष्कळ पाहिलेत. चांगल्या कारागिराचा वेल्ड सहसा मधोमध उलत नाही, त्याच्या शेजारची नळी जाते. दिसायला नाण्यांची माळ ओढल्यासारखा सुंदर वेल्ड, आणि त्याला चिकटून सरळ रेषेत चीर. वेल्ड कसा दिसतो यावर कारागीर जोखायचा नाही, हे त्या पाच महिन्यांत माझ्या डोक्यात गेलं.

पहिला पिंजरा मला मिळाला तो एका नऊ सेकंदांच्या डोअर कारचा, म्हणजे साध्या गाडीसारखी दारं असलेल्या गाडीचा. पाव मैल, म्हणजे 1320 फूट, उभ्या जागेवरून निघून 9.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या गाडीला एनएचआरए, म्हणजे अमेरिकेतली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, पूर्ण रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा पिंजरा, मागते आणि चॅसिस तपासून त्यावर स्टिकर लावते. त्याहून हळू गाड्यांना साधा रोल बार, म्हणजे चालकामागची कमान, चालतो. तर मी मालकाला सीटवर बसवलं, मापं घेतली, मुख्य कमान वाकवली, दाराकडच्या नळ्या टॅक केल्या, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरत्या जोडल्या. दोन दिवसांचं काम, सगळं काटकोनात, मला स्वतःलाच बघत बसावंसं वाटत होतं. संध्याकाळी उस्ताद आले. त्यांनी मालकाला पुन्हा बोलावलं, हेल्मेट घालायला लावलं, जाड रेसिंग जॅकेट, मानेचा पट्टा, पाचही पट्टे आवळले. मग त्याला म्हणाले, डोकं डावीकडे टाक. टक्क असा आवाज आला. हेल्मेट नळीला लागलं होतं.

मी माप टी-शर्टवर घेतलं होतं. सीटची गादीही बसवलेली नव्हती.

मी म्हणालो, तिथे पॅडिंग येणारच आहे. उस्ताद म्हणाले, "पॅडिंग जागा खातं, देत नाही." खडू घेऊन त्यांनी चार जागी खुणा केल्या, करवत माझ्या हातात दिली आणि जेवायला निघून गेले. दोन दिवसांचं काम मी चाळीस मिनिटांत कापलं. रडलो नाही, पण फार लांबही नव्हतो.

तेव्हा मला तो त्यांचा खडूसपणा वाटला. मार्च 2007 मध्ये मत बदललं. एरिक मेडलेन हा फनी कारचा (ड्रॅग रेसिंगच्या सर्वात ताकदवान वर्गांपैकी एकाचा) तरुण चालक फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला चाचणी करत असताना त्याच्या गाडीचे मागचे टायर भयानक थरथरले. याला टायर शेक म्हणतात: टायर पकड घेतो, सोडतो, पुन्हा घेतो, सेकंदात कितीतरी वेळा, आणि तो सगळा हिसका चॅसिसमधून चालकाच्या डोक्यापर्यंत जातो. त्याचं डोकं पिंजऱ्यावर दोन्ही बाजूंना आपटत राहिलं. चार दिवसांनी तो गेला. गाडी नियमात बसणारी होती. त्याचे वडील जॉन मेडलेन त्याच संघात, त्याच्याच गाडीचे क्रू चीफ, म्हणजे गाडी तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख, होते. मुलगा गेल्यावर हा माणूस पिंजऱ्याच्या मागे लागला. चालकाभोवतीची जागा रुंद झाली, डोक्याभोवतीचं पॅडिंग बदललं, आणि आज फनी कारमध्ये बसणारा प्रत्येक जण त्या कामाच्या आत बसतो. ती बातमी कळली त्या रात्री मी वर्कशॉपमधल्या तीनही गाड्यांत हेल्मेट घालून बसलो आणि डोकं सगळीकडे टाकून पाहिलं. एका गाडीत कापाकापी करावी लागली. ती मीच बांधली होती.

म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं: गाडी बांधू नका, माणूस बसवा, मग त्याच्याभोवती गाडी येते. एनएचआरएचं नियमपुस्तकही हेच सांगतं, फक्त कोरड्या भाषेत. बाजूची नळी चालकाच्या खांदा आणि कोपर यांच्या मधोमध जायला हवी, असं कलम आहे. कोणाच्या खांद्याच्या? त्या चालकाच्या. म्हणजे त्याच वर्गाची, त्याच वजनाची दुसरी गाडी डोळे मिटून उतरवता येत नाही. चालक बदलला की पिंजरा पुन्हा मोजायचा.

नियमपुस्तकाविषयी बोलतोच आहे तर, उस्तादांची एक सवय मी तशीच्या तशी उचलली आहे. कापण्याआधी ते संबंधित कलम मोठ्याने वाचायला लावायचे. पिंजऱ्याची मुख्य नळी बाहेरून 1 5/8 इंच. क्रोमोली असेल तर भिंत किमान 0.083 इंच, साधं माइल्ड स्टील असेल तर 0.118. क्रोमोलीला फक्त टिग, माइल्ड स्टीलला मिग (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) चालतं. वेल्ड घासून गुळगुळीत करायला बंदी. तरुण पोरांना ही बंदी विचित्र वाटते, कारण घासलेलं काम देखणं दिसतं. पण घासला की वेल्डची जाडी गेली, आणि खाली काय लपलंय ते तपासणाऱ्याला दिसेनासं झालं. आणि 0.083 म्हणजे वाकवल्यानंतर 0.083. नळी वाकते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि पातळ होते. तपासनीस अल्ट्रासोनिक मीटर घेऊन येतो आणि नेमका वाकणाच्या पाठीवर टेकवतो. किमान जाडीची नळी आणून वाकवणारा तिथे नापास होतो. मग नाराज मालक, फुकटचं काम, आणि बांधणाऱ्यावर तोंड लपवायची वेळ. आम्ही कमानीसाठी एक पायरी जाड नळी घेतो. थोडं वजन वाढतं, वाढू दे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सुरक्षेचं झालं, गाडी पळवण्याचं काय? पळवण्याचंही मी जमिनीवर खडूनेच शिकलो. मागच्या अ‍ॅक्सलला धरणारे चार दांडे असतात, दोन वर, दोन खाली. त्याला फोर-लिंक म्हणतात. कंसांना भोकांची रांग असते, दांडा कुठल्या भोकात अडकवायचा ते आपण ठरवायचं. उस्तादांनी एका रविवारी वर्कशॉपची फरशी झाडून घेतली आणि गाडीची बाजू खऱ्या मापाने खडूने काढली. वरच्या आणि खालच्या दांड्याच्या रेषा पुढे वाढवल्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक नट ठेवला. तो इन्स्टंट सेंटर. मग एक भोक बदललं, रेषा पुन्हा ओढल्या, नट हातभर पुढे सरकला. परत एक भोक, नट मागे आणि वर. म्हणाले, "गाडीला वाटतं की तिला त्या नटापाशी कुणीतरी उचलतंय." नट मागे आणि उंच असेल तर टायर एकदम जोरात जमिनीत दाबला जातो आणि लगेच सैल पडतो; पुढे आणि खाली असेल तर दाब हळू येतो, पण टिकतो. कोणतं बरोबर? ट्रॅक कसा आहे, टायर कोणता, इंजिन किती ताकद कधी देतं, यावर. पहिल्या 60 फुटांत वाचवलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत वाढत जातो, म्हणून सगळी मारामारी त्या 60 फुटांसाठी. त्या फरशीवरच्या चित्रापुढे मी पाहिलेली सगळी सॉफ्टवेअरं फिकी आहेत. वापरतो मीही. पण आधी नट सरकवतो.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भोक बदललं तर टायरची हवा तीच ठेवायची. वहीत तारीख, हवेचं आणि ट्रॅकचं तापमान, टायरचा दाब, 60 फुटांचा वेळ, काय बदललं. चांगला गुरू ओळखायचा एक मार्ग म्हणजे त्याची वही मागा. नुसत्या जिंकलेल्या फेऱ्या लिहिलेल्या असतील तर दुसरं दार ठोठवा.

गुरू म्हणजे नेहमी आपल्यापेक्षा मोठं नाव, असंही नाही. 8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत रेसर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा (लांब, निमुळत्या ड्रॅग गाडीचा) गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तेव्हाच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे असायचं आणि चालक क्लच-गिअरबॉक्सला अक्षरशः मांड्यांत धरून बसायचा. गार्लिट्स यांनी ठरवलं, इंजिन मागे जाईल. मागे इंजिन असलेले प्रयोग आधीही झाले होते, पण अशा गाड्या सरळ जात नाहीत अशी ख्याती होती. त्यांचीही सुरुवातीला इकडेतिकडे पळायची. तोडगा सुचला तो त्यांच्याकडे काम करणाऱ्या कॉनी स्विंगल यांना: स्टिअरिंग मंद करा. मागच्या इंजिनच्या गाडीत चालक पुढे बसतो, त्याची हालचाल गाडीला लगेच जाणवते, तो दर वेळी गरजेपेक्षा जास्त वळवत होता. स्टिअरिंगचं गुणोत्तर बदललं, गाडी सरळ धावू लागली, 1971 च्या सुरुवातीला तिने पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत जिंकली, आणि थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेले टॉप फ्युएल, म्हणजे सर्वात वेगवान वर्गातले, ड्रॅगस्टर शर्यतींतून नाहीसे झाले. ही गोष्ट लोक गार्लिट्स यांच्या धाडसाची म्हणून सांगतात. मला त्यात आवडतं ते हे, की मालकाने हाताखालच्या माणसाचं ऐकलं.

शोधायचं कुठे? ट्रॅकवर, पण शर्यतीच्या वेळी नाही. तपासणीची रांग लागते तेव्हा जा. गाड्या उघड्या असतात, माणसं रिकामी असतात, आणि कोणाच्या गाडीपाशी तपासनीस दोन मिनिटांत आटपतो, कोणाच्या गाडीखाली लोळत राहतो, ते उघड दिसतं. "मला शिकवाल का" असं विचारू नका, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. ट्रेलर चढवायला हात द्या, टायरची हवा बघा, पुढच्या वेळी पुन्हा या. तिसऱ्या वेळी आलात की माणूस नाव विचारतो. ब्रॅकेट रेसिंगवाल्यांकडे दुर्लक्ष करू नका. त्या प्रकारात चालक आपला वेळ आधीच जाहीर करतो, त्याहून जलद पळाला तर बाद होतो. म्हणजे त्यांना वेगापेक्षा सातत्य लागतं, आणि सातत्य हे चॅसिस नीट असल्याचं सगळ्यात प्रामाणिक प्रमाणपत्र.

गुरूच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवलात की मोडलेले तुकडे कुठे ठेवले आहेत ते बघा. माझ्या उस्तादांकडे भिंतीवर ट्रॉफी एकही नव्हती, तुटलेले दांडे, पिळवटलेले शाफ्ट आणि फाटलेले कंस मात्र तारखांसकट टांगलेले होते. जो पहिल्याच आठवड्यात तुम्हाला पिंजऱ्यावर वेल्ड मारू देतो त्याला माणूस हवाय, शिष्य नकोय. आणि "तपासनीस ओळखीचा आहे" हे वाक्य कानावर पडलं की टूलबॉक्स उचला.

आणखी एक, जमलं तर ड्रायव्हिंग स्कूल करा. फ्रँक हॉली हे दोनदाचे फनी कार विजेते 1985 पासून अशी शाळा चालवतात. तुम्हाला रेसर व्हायचं नाही, मान्य. पण एकदा तरी गाडी थांबवणारं पॅराशूट उघडल्यावर खांद्याचे पट्टे कुठे रुततात ते स्वतःच्या हाडांना कळू दे. मग पट्ट्यांची नळी किती उंचीवर लावायची, हे कुणी सांगावं लागत नाही.

नकाराचंही बोललं पाहिजे. एकजण दुप्पट ताकदीचं इंजिन घेऊन आला, पिंजरा जुनाच ठेवायचा होता, फक्त इंजिन बसवायचे माउंट बनवून द्या म्हणाला. मी नाही म्हणालो. तो चिडून गेला, दुसऱ्याकडून करून घेतलं. त्याची गाडी अजून पळते, त्याला काही झालेलं नाही, आणि तो माझ्याविषयी काय बोलतो ते माझ्यापर्यंत येतं. मला आजही नाहीच म्हणायचं असतं. अशा नकारांचा हिशेब कधीच जुळत नाही, हे मात्र धंद्यात उतरताना माहीत असू द्या.

मी स्वतः गुरू म्हणून बरीच वर्षं वाईट होतो. पोरगा चुकायला लागला की मी टॉर्च काढून घ्यायचो. माझ्या हातून काम छान व्हायचं, तो उभा राहून बघायचा, आणि वर्षाने तितकंच यायचं जितकं आला तेव्हा यायचं. दोघं असे सोडून गेले. एकाने जाताना तोंडावर सांगितलं, म्हणून कळलं. तेव्हापासून मी हात खिशात घालून उभा राहतो. उस्ताद जेवायला का निघून जायचे, तेही तेव्हाच उमगलं.

सध्या माझ्याकडे एक मुलगी शिकते, तुमच्याच वयाची. गेल्या महिन्यात तिने एका ड्रॅगस्टरच्या पिंजऱ्यात डोक्यामागची आडवी नळी बसवली. मी निघताना पाहिली, चांगली होती. सकाळी आलो तर ती नळी जागेवर नव्हती. तिने रात्री थांबून, चालकाला फोनवरून पुन्हा बोलावून, हेल्मेटसकट बसवून पाहिलं होतं आणि तिला अंतर कमी वाटलं होतं. नवीन नळी नॉच मारून तयार होती, टॅक व्हायची होती. ती डबा खात असताना मी भंगाराच्या डब्यातून जुनी काढली आणि मापली. चालली असती. मी नळी परत डब्यात टाकली आणि तिला काही बोललो नाही.